पाच बहिणी आणि एक सातबारा

(पूर्णा, ता. भिवंडी येथील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी बायबलातली गोष्ट सांगणार आहे. भुवया चढवू नका. आपण बौद्ध. आपल्याला देव नको, ना त्यांचा ना ह्यांचा. पण पाच बाया एका रांगेत उभ्या राहून सत्तेला जाब विचारतात, तेव्हा त्या कुठल्या पोथीत उभ्या आहेत हे मी बघत नाही.

गणना नावाच्या पुस्तकाचा २७ वा अध्याय. सलाफहाद नावाचा माणूस रानात मेला. मुलगा नाही, पाच मुली. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. जमिनीचं वाटप ठरत होतं आणि शिरगणती झाली होती ती बाप्यांची. मुलींचं नाव कुठंच नाही. या पाचजणी चुलीपुढं रडत बसल्या नाहीत. देवाच्या तंबूच्या दाराशी गेल्या. समोर मोशे, याजक एलाजार, सरदार, सगळी जमात. भर सभेत त्यांनी विचारलं, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का बुडवता? आम्हाला वाटा द्या. मोशेला उत्तर सुचलं नाही. तो देवाकडे गेला. देवालाही म्हणावं लागलं, पोरींचं बरोबर आहे. कायदा झाला.

प्रवचनकार इथं गोष्ट संपवतो. मी संपवणार नाही. ३६ वा अध्याय काढा. भाऊबंद तक्रार घेऊन आले. पोरी परवंशात गेल्या तर जमीन जाईल! लगेच हुकूम सुटला, लग्न बापाच्याच वंशात करा. हक्क दिला आणि पायात दोरी बांधली. पुढं मोशे मेला, यहोशवा आला. प्रत्यक्ष वाटपाच्या वेळी या पाचजणींना पुन्हा उभं राहून सांगावं लागलं, आमचा हुकूम झालेला आहे! तेव्हा कुठं जमीन मिळाली.

आपली गोष्ट वेगळी आहे काय? २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क मागितला, एकाला दोन बायका नकोत म्हणून ठराव केला. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीचा वाटा मांडला. सनातन्यांनी बिल अडवलं. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली. १९५६ ला वारसा कायदा आला, पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानं हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्रात १९९४ ला, देशभर २००५ ला ती हिस्सेदार झाली. त्यावरही फाटे फुटले, ते २०२० साली सुप्रीम कोर्टानं तोडले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मागा, मिळवा, पुन्हा मागा. सलाफहादाच्या पोरींचाच रस्ता!

आता पूर्ण्याकडे बघा. पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ. जिथं भात पिकायचा तिथं गोदामं उभी आहेत. जमिनीला भाव आला आणि भावाला बहीण आठवली. कशासाठी? हक्कसोडपत्रावरच्या सहीसाठी. एक साडी, एक जेवण, वर 'माहेर तुटेल' ही धमकी. जे माहेर सहीवर टिकतं ते माहेर कसलं?

आणि एक कडू गोष्ट. त्या पाचजणींना मिळालेली जमीन कनानी लोकांची होती. त्या लोकांच्या लेकी कुठं उभ्या राहिल्या, ते पोथी सांगत नाही. आपण त्या लेकी आहोत. आपल्या कितीक बापांच्या नावावर गुंठा नव्हता. वाटा मागायचा कशातला? म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला. आपल्या बाया कडेवर पोरं घेऊन तुरुंगात गेल्या. त्यांनी बापाची नाही, समाजाची जमीन मागितली.

तेव्हा दोन्ही मागण्या एका तोंडानं करा. ज्यांना जमीन आहे, त्यांच्या सातबाऱ्यावर लेकीचं नाव. ज्यांना नाही, त्यांना जमीन, आणि तीही बाईच्या नावासकट. सुरुवात घरापासून. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर तुमचं नाव आहे का, उद्या जाऊन बघा. एकटी जाऊ नका. एकटीला बाकावर बसवून ठेवतात. पाचजणी जा. पाचजणींना मोशेलाही उत्तर द्यावं लागलं, ग्रामसेवक काय चीज आहे!

जयभीम.