आजीचे रुपये विकण्याआधी

आम्ही रत्नागिरी तालुक्यातल्या बचत गटांचं काम पाहतो. हप्ते, कर्ज, कुळथाचं पीठ, आमसुलं यांवर या कार्यक्रमात आम्ही पुष्कळ बोललो आहोत. आज विषय वेगळा आहे, इंग्रजांच्या काळातली जुनी नाणी. ती जमवायचा आणि वाचायचा नाद आमच्या काही गटांना लागला आहे, आणि तो लागला एका कर्जाच्या अर्जामुळे.

झालं असं, की एका गटातल्या ताईंनी चार हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. ठराव वहीत कर्जाचं कारण लिहावं लागतं. ताई म्हणाल्या, "लिहा, नाणी विकायची आहेत." सचिवांनी पेन खाली ठेवलं. "अहो, विकल्यावर पैसे येतात. विकायला पैसे कशाला लागतात?" तेव्हा सगळं बाहेर आलं. ताईंच्या मोबाइलवर निरोप आला होता, राणीच्या रुपयाला अडीच लाख मिळतील म्हणून. त्यांनी सासूबाईंच्या रुपयांचे फोटो पाठवले. समोरच्यानं आधी नोंदणीचे साडेसातशे घेतले, मग जीएसटीचे म्हणून बावीसशे. आता विमा आणि कुरिअरचे चार हजार भरा, की लगेच रक्कम खात्यात. सोबत रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं एक पत्रही धाडलं होतं.

पत्र खोटं होतं. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेत नाही, विकत नाही आणि अशा व्यवहारावर कुणाकडून कसलं कमिशनही घेत नाही. बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये तसं जाहीर निवेदनच काढलं होतं. खरा गिऱ्हाईक तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडे मागत नाही. कुणी मागितलेच आणि ते गेलेच, तर 1930 या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा. जितका उशीर कराल तितके पैसे पुढे पुढे सरकत जातात.

आम्ही ताईंसोबत तक्रार नोंदवली. गेलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. नाणी मात्र वाचली. पुढच्या बैठकीला ताई ती औषधाच्या पत्र्याच्या डब्यातून घेऊन आल्या. चौदा रुपये. सगळ्याजणींनी ते हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले, आणि एका आजींनी विचारलं, "ह्यो टकल्या राजा कोन गो?"

तो सातवा एडवर्ड. रुपयावर त्याचं डोकं बोडकं आहे, मुकुट नाही, म्हणून तो पटकन ओळखता येतो. नाणी ओळखायला इंग्रजी यावंच लागतं असं नाही, चेहऱ्यावरून निम्मं काम होतं. केस बांधलेली, मुकुट नसलेली तरुण राणी दिसली तर ते नाणं ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातलं. मुकुट घातलेली राणी म्हणजे 1862 नंतरचं. त्यातही 1877 पासून राणीच्या नावापुढचा 'क्वीन' शब्द जाऊन 'एम्प्रेस' आला, कारण त्या वर्षी दिल्लीत दरबार भरवून तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं. 1903 पासून एडवर्ड. 1911 पासून दाढीवाला पाचवा जॉर्ज, आणि शेवटी दाढी नसलेला सहावा जॉर्ज. आमचे थिबा राजे 1886 साली कैदी म्हणून रत्नागिरीत आले आणि 1916 साली इथंच वारले. त्या तीस वर्षांत रुपयावरचे तीन चेहरे झाले. ज्याच्या घराण्याच्या नाण्यांवर मोर होता, त्याला हे परके चेहरे मोजत दिवस काढावे लागले. थिबा पॅलेस बघायला जाल तेव्हा हे आठवून बघा.

सालाच्या बाबतीत एक गंमत आहे. 1840 साल छापलेला रुपया 1840 मध्येच पाडलेला असेल असं नाही. ते साल न बदलता 1861 पर्यंत रुपये पाडले जात राहिले. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीत 1856 साली झाला. त्या वर्षी टांकसाळीतून कोरा करकरीत निघालेल्या रुपयावरही 1840 च होतं. पुढे राणीच्या काळात 1862 या सालाचंही तसंच झालं, ते 1874 पर्यंत चाललं. म्हणून साल बघून "एवढं जुनं, म्हणजे एवढे लाख" असा हिशेब करू नका. जुनं आणि महाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राणीच्या तांब्याच्या पैशाला सव्वाशे वर्षं झालेली असतात, पण ते इतके पाडले गेले की आजही हौशी माणसाला सहज परवडतात. किंमत ठरते ती दोन गोष्टींवर, नाणं किती कमी उरलं आहे आणि किती चांगल्या स्थितीत आहे. उलट 1939 चा रुपया फारसा जुना नाही, पण अत्यंत दुर्मीळ. म्हणून तर त्याच्या नकला बाजारात भरपूर. तो तुम्हाला कुणी स्वस्तात देऊ केला तर हात जोडून घरी या.

आता वजनाकडे येऊ, कारण इथं आपल्या बायका फसतात आणि फसवणारा फोनवरचा नसतो, समोर बसलेला असतो. इंग्रजी रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. म्हणूनच वैद्य आणि सोनार 'रुपयाभार' म्हणायचे. सुंठ रुपयाभार, बडीशेप दोन रुपये भार. 1835 ते 1939 पर्यंतच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आहे, म्हणजे नाण्यामागे सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी. युद्धात चांदी कमी पडली आणि 1940 पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. 1947 चा, मागे वाघ असलेला रुपया तर निकेलचा. त्याला लोहचुंबक लावून पाहा, चटकन चिकटतो. हे तीन टप्पे लिहून घ्या. कुणी तुमचे सगळे रुपये एकाच तागडीत टाकून "सगळी मिसळीची चांदी" म्हणत निम्मा भाव लावू लागला, तर साल वाचून दाखवा. ताईंच्या चौदा रुपयांपैकी अकरा 1939 च्या आधीचे निघाले.

हे रुपये आपल्या घरात आले कसे, ते आम्हाला नाण्यांपेक्षाही मोलाचं वाटतं. कोकणातला पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. 1880 साली टपाल खात्यानं मनीऑर्डर सुरू केली, आणि मग महिन्याच्या महिन्याला पोस्टमन पडवीत बसून पैसे मोजून द्यायचा. त्यातून मीठमिरची, भाताचं बियाणं, मुलाची फी, सावकाराचं व्याज. एवढं सगळं भागवून एखादा रुपया मागे राहिला, तर तो बाईचा. तो कधी कणगीत जायचा, कधी देवघरातल्या कुंकवाच्या करंड्याखाली. तिच्याकडे पासबुक नव्हतं, सह्या करायला गट नव्हता. आम्ही दर महिन्याला शंभर रुपये बचत गोळा करतो आणि त्याला सक्षमीकरण म्हणतो. त्या बायका तेच काम कुणालाही न सांगता करत होत्या.

म्हणून आम्ही नाण्यांची एक वही सुरू केली. साल, चेहरा, धातू, वजन हे रकाने कुठल्याही संग्राहकाच्या वहीत असतात. आम्ही आणखी एक रकाना घातला, 'कुणाकडून आलं'. तो भरताना बैठक लांबते. एकीनं सांगितलं, हे तीन रुपये आजीनं काथ्या वळून जमवले. दुसरीच्या सासूबाईंनी आंब्याच्या रायवळ साठांचे पैसे बाजूला ठेवले होते. एका घरात चवल्यांना मागून कड्या डाकून केलेली माळ निघाली. संग्राहकांच्या हिशेबी कडी डाकलेलं, भोक पाडलेलं नाणं खराब धरतात, त्याचा भाव उतरतो. आमचं मत वेगळं आहे. टाका दिसला की आम्ही वहीत लिहितो, 'अंगावर घातलेलं'. कडी काढून नाणं नीट करून देतो असं कुणी म्हटलं तर देऊ नका. कडी गेली तरी टाक्याचा डाग राहतोच, आणि मोडलेली माळ पुन्हा जोडली जात नाही.

मुलांनाही यात गोडी लागली आहे. तीन पै म्हणजे एक पैसा, चार पैसे म्हणजे एक आणा, सोळा आणे म्हणजे रुपया. रुपयात पै किती? एकशे ब्याण्णव. आता 'पै न पै चुकवली' म्हणताना आपण किती बारीक हिशेब बोलतो ते मुलांना कळतं. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तरी पंचवीस पैशांना आपण चार आणेच म्हणत राहिलो, 2011 साली ते नाणं बंद होईपर्यंत. मुलांचा सगळ्यात लाडका भोकाचा पैसा. 1943 ते 1947 या काळातला, युद्धात धातू वाचावा म्हणून मधे मोठं भोक ठेवलेला. आमच्या आज्या तो बाळाच्या करदोट्यात ओवायच्या. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी याच पैशापासून करावी असं आम्ही सुचवतो. पाच सालांचे पाच पैसे जमवायचे. खर्च थोडा आणि शोधण्यातली मजा पुरी. त्यानंतर प्रत्येक राजाराणीचा एकेक तांब्याचा पैसा. चांदीकडे सगळ्यात शेवटी वळा. आणि गटाचं कर्ज काढून नाणी घ्यायची नाहीत, तसा ठराव आम्ही करूनच टाकला आहे.

1911 च्या रुपयाची गोष्टही मुलं पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावर हत्तीचं चित्र कोरलं होतं, पण सोंड अशी आखूड झाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, सरकारनं ते रुपये मागे घेतले आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड काढून दिली. एवढं मोठं राज्य, पण बाजारातल्या माणसांनी नाणं नाकारलं की त्यालाही साचा बदलावा लागला.

सांभाळायचं कसं, ते जरा नीट ऐका. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारी हवा. नाणी प्लॅस्टिकच्या मऊ पिशवीत ठेवली की काही वर्षांनी त्यांना हिरवा चिकटा धरतो. रबरानं बांधली की चांदी काळी पडते. सुती कापड किंवा कागदाची लहान पाकिटं घ्या, एका पाकिटात एकच नाणं. डब्यात औषधाच्या बाटलीतली किंवा चपलांच्या खोक्यातली ओलावा शोषणारी पुडी टाका आणि पावसाळ्याआधी ती बदला. नाणं कडेनं धरा, चेहऱ्यावर बोट नको. मासळी साफ करून आलेल्या हातानं तर नकोच नको. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला रुपया लागतो, तो पूजेचा एक वेगळा काढून ठेवा. त्याला दूध, दही, हळद काय लावायचं ते लावा. बाकीच्यांना पाकिटातच राहू द्या, लक्ष्मी रागावणार नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी. घराचा पाया किंवा विहीर खणताना पुरलेली नाणी सापडली, तर ती आपली म्हणून वाटून घ्यायची नसतात. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, आणि दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दुसरी गोष्ट, शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतात. ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. दुबईतल्या भावाला भेट म्हणून सुद्धा नाही.

विकायचंच ठरलं, तर घरातल्या सगळ्यांना विचारून विका. अडचण कुणाला चुकली आहे, आणि बाईनं अडचणीसाठी ठेवलेला रुपया अडचणीत मोडला तर त्यात काही गैर नाही. फक्त आधी वहीत नोंद करा, दोन्ही बाजूंचा फोटो काढा, दोन ठिकाणी भाव विचारा आणि पक्की पावती घ्या. ताईंनी नंतर चौदातले चार रुपये मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी विकले, चांदीच्या पूर्ण भावानं. दहा ठेवले. त्यातला एक कंपनीच्या काळातला आहे, 1840 साल असलेला. तो सासूबाईंकडे कुठून आला ते कुणालाच आठवत नाही, वहीतला तो रकाना अजून कोरा आहे. सासूबाईंची एक धाकटी बहीण पावसला असते, नव्वदीची. आंब्याची घाई संपली की ताई तिच्याकडे रुपया घेऊन जाणार आहेत.

पुढच्या बैठकीला तुमच्याही घरातली नाणी घेऊन या. एकच विनंती आहे. बैठकीला न्यायची म्हणून कुणी ती चिंच, आमसूल नाहीतर राख लावून घासू नका. तांब्याच्या नाण्यावरचा तो तपकिरी थर म्हणजे मळ नाही, ते त्याचं कातडं आहे. घासलेलं नाणं चकाकतं, पण चेहरा, अक्षरं, सगळं झिजतं आणि संग्राहक त्याच्याकडे बघतही नाहीत. तेव्हा जशी आहेत तशी, न धुता आणा.