भाग ३१ : सॅलडचं ड्रेसिंग आणि डब्यातली मोहरी

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, पगारवाढ तर नाहीच नाही. आज आपण सॅलडवर बोलणार आहोत. थांबा, लगेच बंद करू नका. डाएटचं लेक्चर देणार नाहीये.

झालं असं की गेल्या वर्षी माझ्या बाबांचं बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, गोळी चालू ठेवा, मीठ कमी करा आणि ताटात कच्च्या भाज्या वाढवा. आता आमचे बाबा म्हणजे काकडीला ताटाची सजावट समजणारा माणूस. ते साताऱ्याला, मी पुण्यात. मग शनिवारी घरी जाताना मी ड्रेसिंगची एक तयार बाटली न्यायला लागलो. बाबांना चव आवडली. काकडी, गाजर, कोबी, सगळं खायला लागले. मी एकदम खूश. मनात म्हटलं, बघा, टिकीट क्लोज!

दोन-तीन महिने गेले, बीपी काही खाली येईना. आईने भाजीतलं मीठ कमी केलं होतं, लोणचं-पापड बंद केले होते. एका रविवारी ती चष्मा लावून ती बाटली घेऊन बसली आणि म्हणाली, "अरे, यात मीठ किती ते बघ ना. फार बारीक लिहिलंय."

मी चार वर्षं दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतोय, पण स्वतः घरी नेलेल्या बाटलीचं लेबल एकदाही वाचलं नव्हतं.

लेबल कसं वाचायचं, ते आधी सांगतो. घटकांची यादी वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने असते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. आमच्या बाटलीवर पहिल्या पाचात तेल, साखर आणि मीठ तिघंही होते. दुसरं, पोषणाच्या तक्त्यात 'मीठ' लिहिलेलं नसतं, 'सोडियम' लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ मिळतं. समजा १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे, तर झालं २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. आणि बाबा काही मोजून घेत नव्हते, दोन्ही वेळा चांगलं धार धरून ओतत होते. दिवसाला ५० ग्रॅम धरलं तरी १ ग्रॅम मीठ नुसतं सॅलडमधून. आई भाजीतून जे काढत होती, ते मी बाटलीतून परत घालत होतो.

बाटलीमुळेच बीपी वाढलं, असं मी म्हणणार नाही. त्याला बाकी दहा कारणं असतात. पण मला वाईट वाटलं ते वाटलंच.

मग ड्रेसिंग म्हणजे नक्की काय असतं, ते शोधलं. एकदम सोपं निघालं. काहीतरी आंबट, काहीतरी स्निग्ध आणि या दोघांना एकत्र धरून ठेवणारं तिसरं कुणीतरी. तेल आणि लिंबाचा रस हलवले की मिसळतात, मिनिटभरात परत वेगळे होतात. परदेशी रेसिपीत तिसरं कोण असतं माहितीये? मोहरी! आणि ती तर आपल्या मिसळणाच्या डब्यात पहिल्या वाटीत बसलेली असते.

मी आईला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मोहरी फेसायची ना? तुझी आजी डांगराच्या भरताला फेसायची." झालं. माझं संशोधन तिथंच संपलं.

तर पहिलं ड्रेसिंग, फेसलेल्या मोहरीचं. एक चहाचा चमचा मोहरी मिक्सरच्या छोट्या भांड्यात बारीक करा. त्यात एक मोठा चमचा, म्हणजे पोहे खायचा चमचा, गार पाणी घालून फेसा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. इथे क्रम महत्त्वाचा. मोहरीचा झणका कोरड्या दाण्यात नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एन्झाइम कामाला लागतं आणि तो तयार होतो. लिंबू आधी पिळलं तर ते काम मंदावतं. गरम तेलात टाकली तर एन्झाइमच मरतं, म्हणून फोडणीतली मोहरी नाकात जात नाही. दहा मिनिटांनी एक मोठा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर गूळ आणि तीन मोठे चमचे शेंगदाणा तेल घाला. सगळं काचेच्या बरणीत भरा, झाकण घट्ट लावा आणि हलवा.

(बरणी हलवल्याचा आवाज)

ऐकलंत? अर्धा मिनिट. दाटसर, पिवळसर होतं. तीनास एक हे नेहमीचं प्रमाण आहे, मला दोनास एक आवडतं. तुम्ही चाखून ठरवा.

दुसरं, दाण्याच्या कुटाचं. दोन मोठे चमचे कूट, अर्ध्या लिंबाचा रस, दोन-तीन चमचे पाणी, मिरपूड. वेगळं तेल नको, कारण शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. कोबी-गाजरावर हे भन्नाट लागतं.

तिसरं, दह्याचं. चार मोठे चमचे घट्ट दही, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ठेचलेला पुदिना, किसलेलं आलं. हे आमच्या घरात सगळ्यात हिट आहे, कारण आंबटपणा आणि जिऱ्याचा वास असला की मीठ कमी आहे हे जिभेला पटकन कळत नाही.

आता तीन सूचना. एक, मीठ बरणीत घालूच नका. ताटात वाढल्यावर ज्याला हवं त्याने चिमटीने घ्यावं. शिवाय मीठ आधी लागलं की काकडीला पाणी सुटतं आणि सगळं पचपचीत होतं. खमंग काकडीला मीठ शेवटी लावतात ते याचसाठी. दोन, पहिलं ड्रेसिंग फ्रिजमध्ये चार दिवस राहतं, दही आणि कुटाचं मात्र त्या त्या दिवशीच करा. कच्ची लसूण तेलात घालून ओट्यावर ठेवू नका, त्यात हवेशिवाय वाढणारे घातक जंतू होऊ शकतात. तीन, कमी सोडियमचं मीठ घरी आणायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यात पोटॅशियम असतं आणि किडनीचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते चालत नाही.

आणि तेलाला अगदी घाबरूही नका. गाजरातलं बीटा कॅरोटीन शरीरात शोषलं जायला थोडं तेल लागतंच. फक्त चमच्याने घाला, धार धरू नका.

आता शनिवारी मी बाटली नेत नाही. बाबा स्वतः बरणी हलवतात, तेही बातम्या बघत बघत. बीपी हळूहळू खाली आलंय. गोळी चालू आहे, चालणं चालू आहे, त्यामुळे श्रेय नक्की कुणाचं ते मला माहीत नाही. गेल्या वेळी त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "मोहरी जरा कमी फेसलीस."

काकडी बाजूला सारणारा माणूस आता मोहरीत चूक काढतोय. मला तेवढं पुरे आहे.

आज घरी गेल्यावर एवढं करा, फ्रिजच्या दारातली एक बाटली उचला, सोडियम बघा, अडीचने गुणा. आणि घरी ती सगळ्यात जास्त कोण खातं, ते आठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!