संगणकाचा सातबारा



वसंत व्याख्यानमालेत संगणकाच्या नादुरुस्तीवर बोलायला कामगार चळवळीतल्या माणसाला उभे करावे, याचे काहींना नवल वाटले असेल. हिंजवडी आपल्याच मुळशी तालुक्यात आहे आणि तिथे या विद्येचे पदवीधर हजारोंनी मिळतील. परंतु त्या काचेच्या इमारती झाडणारे, पहारा करणारे आणि पिरंगुटच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारे जे आमचे सभासद, त्यांची नोंदवही एका जुन्या संगणकावर आहे, आणि तो बिघडला म्हणजे पदवीधराची फी आम्हांला परवडत नाही. तेव्हा आम्ही स्वतःच वाचायला शिकलो. जे वाचले आणि हाताने केले, तेवढेच आज सांगतो.

आमच्या संगणकावर लिनक्स आहे. त्यातही देवुआन नावाची. थोडा इतिहास सांगणे भाग आहे. संगणक सुरू झाला की पहिला एक कार्यक्रम जागा होतो आणि तो बाकीच्यांना उठवतो. छपाईची सेवा, आवाजाची सेवा, जाळ्याची सेवा, ही सारी त्याची पोरे. पूर्वी हे काम सिस-व्ही-इनिट नावाचा एक साधा कार्यक्रम करी. त्याच्याकडे प्रत्येक सेवेसाठी एक लहानसे टिपण असे, मनुष्याला वाचता येणारे. त्याबरहुकूम तो काम सुरू करी किंवा थांबवी. २०१० साली सिस्टिमडी नावाची नवी व्यवस्था पुढे आली. तिने सेवा उठवण्याबरोबर नोंदी ठेवणे, कोण आत आले कोण गेले याची दखल घेणे, अशी पुष्कळ कामे एका छत्राखाली घेतली. ती वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. मोठ्या कारभारात तिचा उपयोग आहे. पण तिच्यावरून डेबियन या स्वयंसेवकांच्या लिनक्समध्ये मोठे रणकंदन झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांच्या तांत्रिक समितीत मते चार-चार अशी समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडीची निवड झाली. सभा चालवलेल्या माणसाला ठाऊक असते की अशा मताने ठराव पास होतो, भांडण मिटत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात काही जुन्या जाणत्यांनी वेगळी चूल मांडली. ती देवुआन. तिची पहिली पक्की आवृत्ती मे २०१७ मध्ये निघाली.

आम्ही ती घेतली ती हलकी म्हणून नव्हे, किंवा बंडखोर म्हणूनही नव्हे. टिपणे वाचता येतात म्हणून घेतली.

आता मुख्य मुद्दा. संगणकाने काम नाकारले की पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते आणि आपला माणूस गर्भगळित होतो. ती ओळ न वाचताच तो खिडकी बंद करतो. बंधूंनो, मालकाचे पत्र न वाचता कोणी फाडतो काय? त्या ओळीतल्या शब्दाशब्दांत फरक आहे. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे तुम्हांला हक्क नाही. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ म्हणजे हक्काचा प्रश्नच नाही, लिहिण्याला अख्खी तबकडीच बंद झाली आहे. बहुधा तबकडीत दोष सापडल्याने यंत्राने आपण होऊन तसे केले आहे. अशा वेळी हक्क वाटत बसणे म्हणजे गोदाम जळत असताना किल्ल्यांच्या प्रती काढणे. ‘नो स्पेस लेफ्ट’ म्हणजे जागाच संपली. तीन निराळे रोग, तीन निराळी औषधे.

हक्काचाच प्रश्न असेल तर सातबारा काढावा. आपल्या तालुक्यात हे निराळे समजावून सांगायला नको. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी जो सत्याग्रह केला, तो जमीन कोणाची आणि तिच्यात पाऊल टाकायला कोणाची संमती लागते, याच प्रश्नावर. संगणकात ‘एल-एस’ लिहून पुढे ‘उणे एल’ जोडले की प्रत्येक दस्तऐवजाचा उतारा समोर येतो. त्यात मालकाचे नाव असते, मग गटाचे नाव, आणि आरंभी तीन-तीन अक्षरांचे तीन पुंजके. पहिला पुंजका मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या जगाचा. प्रत्येकात वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा असे तीन हक्क. वाचणे चार, लिहिणे दोन, चालवणे एक. यांच्या बेरजेने तो हक्क आकड्यात सांगतात. सहा-चार-शून्य म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, गटाने नुसते वाचावे, परक्याने दाराशीही येऊ नये.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना चकवते. उतारा तुमच्या नावचा, पण शेतापर्यंत जायला वहिवाटीची वाट नाही, असे आपल्याकडे होते की नाही? संगणकातही तसेच. दस्तऐवज तुमचा असेल, पण ज्या कप्प्याच्या पोटातल्या कप्प्यात तो आहे, त्यांपैकी एकाही कप्प्यात शिरण्याचा हक्क नसेल तर तुम्ही बांधावरच उभे. कप्प्यासाठी ‘चालवणे’ याचा अर्थ ‘आत शिरणे’ असा होतो. ‘नेम-आय’ नावाची आज्ञा आहे. तिलाही ‘उणे एल’ जोडले की ती मुळापासून शेंड्यापर्यंत प्रत्येक बांधाचा मालक आणि हक्क ओळीने दाखवते. निम्मे घोटाळे इथेच उलगडतात.

यंत्राला नावे ठाऊक नसतात, क्रमांक ठाऊक असतात. मस्टरवर जसा बिल्ला क्रमांक, तसा. जुन्या यंत्रावरचा आमचा खजिनदार एक हजार एक क्रमांकाचा होता, नव्या यंत्रावर तोच क्रमांक दुसऱ्याच कार्यकर्त्याला मिळाला, आणि बाहेरच्या तबकडीवरून आणलेला सारा हिशेब त्या कार्यकर्त्याच्या नावे दिसू लागला. यात चोरी नव्हती. ‘सी-एच-ओन’ आज्ञेने मालक बदलून दिला की काम भागले. तसेच कोणाला नव्या गटात घातले तर तो त्याच क्षणी सभासद होत नाही. बाहेर जाऊन पुन्हा आत यावे लागते, तेव्हा नवा बिल्ला हाती पडतो. ‘आय-डी’ अशी दोन अक्षरे टंकली की आपले गट कोणते ते यंत्र सांगते. हे न कळल्याने माणसे तासन्तास वाया घालवतात.

आता ज्यासाठी हे व्याख्यान पत्करले, ती गोष्ट. आमच्या नोंदवहीत एकदा दुसऱ्या कार्यकर्त्याला लिहिता येईना. दुरुस्तीसाठी एक तंत्रज्ञ बोलावला. त्याने दोन मिनिटांत काम केले आणि पैसे घेऊन गेला. त्याने काय केले, तर ‘सी-एच-मॉड’ आज्ञेने सगळ्या कप्प्याला सात-सात-सात करून टाकले. म्हणजे मालकाला, गटाला आणि जगाला, सर्वांना सर्व हक्क. काम चालू झाले हे खरे. पण त्या कप्प्यात कोणत्या कंत्राटदाराकडचे कोण कामगार युनियनमध्ये आले, त्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक होते. त्याच यंत्रावर पाहुण्यांसाठी एक खाते आहे; कोणीही यावे, पत्र टंकावे, जावे. कंत्राटी कामगाराला उद्यापासून येऊ नको म्हटले की झाले. ती यादी एका चुकीच्या डोळ्यांना दिसली असती तर किती चुली विझल्या असत्या, याचा विचार त्या तंत्रज्ञाच्या मनातही आला नाही.

योग्य उपाय पाच मिनिटांचा होता. नोंदवही पाहणाऱ्यांचा एक गट करायचा, कप्पा त्या गटाच्या नावे करायचा, आणि कप्प्याला दोन-सात-सात-शून्य असा हक्क द्यायचा. आरंभीचा दोन महत्त्वाचा: त्यामुळे आत जो नवा कागद तयार होईल तो आपोआप गटाच्या नावे लागतो, लिहिणाऱ्याच्या खाजगी गटात जात नाही. नव्या कागदावर गटाला लिहिण्याचाही हक्क राहावा म्हणून ‘यू-मास्क’ शून्य-शून्य-सात ठेवायचा. शेवटचे शून्य म्हणजे जगाला दार बंद. आम्ही तसे केले.

आणि जो कोणी संबंध यंत्रालाच, मुळापासून, सात-सात-सात करील, त्याला यंत्रच धडा देते. ‘सुडो’ हा अधिकार उसना देणारा कार्यक्रम त्यावरचे विशेष चिन्ह पुसले गेल्याने काम करायचे नाकारतो, आणि दूरवरून जोडणी करणारा ‘एस-एस-एच’ उघड्यावर पडलेली किल्ली स्वीकारत नाही.

आता पॅकेजांकडे वळू. पॅकेज म्हणजे कार्यक्रमाचा गठ्ठा. ‘अ‍ॅप्ट’ तो भांडारातून आणतो आणि ‘डी-पी-के-जी’ तो बसवतो. गठ्ठा बसत असताना वीज गेली, (मुळशीचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरते आणि वीज आमच्याकडून जाते, हा विनोद जुना झाला) तर काम अर्धवट राहते. तेव्हा ‘डी-पी-के-जी’ला ‘कॉन्फिगर’ आणि ‘उणे ए’ सांगून राहिलेले पुरे करून घ्यावे, मग ‘अ‍ॅप्ट’ला ‘फिक्स-ब्रोकन’ सांगावे. ‘लॉक मिळत नाही’ असे आले तर आतून दुसरे कोणीतरी काम करीत आहे. थांबावे, कोण ते पाहावे. कुलपाची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला देणारे खूप भेटतात. त्यांचे ऐकू नये.

देवुआनवर खास धोका असा की कोणी उत्साही तरुण भांडारांच्या यादीत डेबियनची ओळ थेट घालतो. पुढच्या वेळी काही मागितले की ‘अ‍ॅप्ट’ सिस्टिमडी आणू पाहतो आणि ‘काढून टाकले जाणारे’ या मथळ्याखाली लांबलचक यादी देऊन होय की नाही विचारतो. वाटाघाटीत आम्ही एक शिकलो आहोत: कराराचे शेवटचे पान वाचल्याशिवाय सही करायची नाही. ‘उणे एस’ जोडले तर ‘अ‍ॅप्ट-गेट’ नुसती रंगीत तालीम करून दाखवतो. ‘अ‍ॅप्ट पॉलिसी’ म्हटले की कोणता गठ्ठा कोणत्या भांडारातून येतो ते कळते. आणि झाले-गेले पाहायचे तर व्हार-मधील लॉग या कप्प्यात अ‍ॅप्टचा इतिहास असतो. कोणत्या दिवशी, कोणत्या आज्ञेने, कोणी मागितल्यावरून काय आले आणि काय गेले. इतके चोख इतिवृत्त आमच्या सभांचेही नसते.

सर्वांत चिवट दुखणे हे. गठ्ठा नीट बसतो, तक्रार नाही, पण सेवा उठत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये डेबियनवाल्यांनी पुन्हा मतदान घेतले. सिस्टिमडी मुख्य आणि इतरांना प्रयोगाची मोकळीक, असा कौल पडला. तेव्हापासून काही गठ्ठ्यांत जुन्या पद्धतीचे टिपण येईनासे झाले. अशी पोरकी टिपणे गोळा करणारा एक निराळा गठ्ठाच आहे. त्याच्या नावातच ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ, हा शब्द आहे. प्रथम तो बसवून पाहावा. टिपण असूनही सेवा उठत नसेल तर ‘रन’ नावाचा कप्पा पाहावा. हा कप्पा स्मृतीत असतो, यंत्र बंद झाले की रिकामा होतो. सेवेला त्यात स्वतःच्या मालकीचा एक लहान कप्पा हवा असतो. सिस्टिमडी तो दर वेळी करून देते. आमच्याकडे ते टिपणाचे काम. टिपणात ती ओळ नसली तर सेवेला कप्पा मिळत नाही, किंवा मुख्य प्रशासकाच्या नावे मिळतो आणि सेवा ‘परमिशन डिनाइड’ म्हणून पडते. हाताने कप्पा केला की चालते, दुसऱ्या सकाळी पुन्हा बंद! लोक म्हणतात भूत लागले. टिपणात ‘इन्स्टॉल’ आज्ञेची एक ओळ घालून योग्य मालकाच्या नावे कप्पा करायला सांगावे, भूत उतरते. पुढे नवा गठ्ठा आला की ‘तुमचे टिपण ठेवू की आमचे?’ असा प्रश्न येतो. आधी दोन्हींतला फरक दाखवायला सांगावा, मग उत्तर द्यावे.

पेनड्राइव्ह उघडत नाही, यादीतून यंत्र बंद करता येत नाही, ही तक्रार आली तर ‘ई-लॉगिनडी’ चालू आहे का ते पाहावे. कोण समोर बसले आहे याची साक्ष तो देतो. साक्षीदारच नसेल तर परवानगी कशी मिळणार? ‘लॉगिन-सी-टी-एल’ टंकून आपली बैठक नोंदली आहे का पाहावे. नसेल तर बहुधा त्याचा ‘पॅम’चा जोडगठ्ठा राहिलेला असतो. आवाज, छपाईयंत्राची व्यवस्था आणि स्कॅनर यांसाठी मात्र निराळे गट आहेत, तिथे आधी सांगितलेला बिल्ल्याचा नियम लागू. पेनड्राइव्हवर ‘सी-एच-मॉड’ चालत नाही म्हणून कोणी घाबरू नये. त्यावरच्या फॅट पद्धतीत मालकाचा रकानाच नसतो. म्हणून सभासदांची यादी पेनड्राइव्हवर उघडी नेऊ नये. आम्ही ती कुलूपबंद करून, म्हणजे सांकेतिक लिपीत बदलूनच नेतो, आणि तिची किल्ली दोघांच्याच पाठ आहे.