जमिनीखालचे शिखर

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



परदेशप्रवास आता मध्यमवर्गीय कुटुंबांनाही दुर्मीळ राहिलेला नाही. प्रेक्षणीय स्थळे, खरेदी, छायाचित्रे हे सारे यथास्थित होते. परंतु त्या देशाचे मन जाणावयाचे असेल, तर त्याच्या इतिहास संग्रहालयात अर्धा दिवस तरी घालवावा. राष्ट्र काय स्मरते आणि कसे स्मरते, हे तेथे उमगते.

दक्षिण कोरियाचे उदाहरण घेऊ. सेऊलच्या दक्षिणेस चोनान येथे त्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्याचे भव्य संग्रहालय आहे. १९८२ साली जपानी पाठ्यपुस्तकांत आक्रमणाचे वर्णन सौम्य केले जात असल्याच्या वृत्ताने कोरियात संताप उसळला. तो समाज निषेधसभांवर थांबला नाही. देशभर लोकवर्गणी जमली आणि १५ ऑगस्ट १९८७ रोजी संग्रहालयाचे उद्घाटन झाले. १५ ऑगस्ट हा त्यांचाही मुक्तिदिन; १९४५ साली याच दिवशी ३५ वर्षांची जपानी राजवट संपली.

या परिसरातील एक स्थळ प्रवाशाने चुकवू नये. १९२६ साली जपानी गव्हर्नर-जनरलचे प्रचंड कार्यालय सेऊलमध्ये पूर्ण झाले, तेही ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या ऐन प्रांगणात, मूळ सिंहासनगृह झाकून टाकणारे. पुढे १९४८ साली स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा याच वास्तूसमोर झाली आणि १९८६ पासून तीत राष्ट्रीय संग्रहालय नांदले. मग ती पाडावी की पुरावा म्हणून राखावी? मोठा वाद झाला. अखेर १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुक्तीच्या सुवर्णमहोत्सवी दिनी, घुमटावरील शिखर उतरविण्यात आले. १९९६ मध्ये वास्तू नामशेष झाली.

ते शिखर मात्र जपून ठेवले आहे. चोनानच्या परिसरात, मावळतीच्या बाजूस, जमिनीच्या पातळीखाली ते इतर अवशेषांसह मांडले आहे. एके काळी ज्याच्याकडे मान वर करून पाहावे लागे, त्याच्याकडे आज शाळकरी मूल वरून खाली पाहते. पुरावा राहिला, दरारा गेला.

आपल्यासमोरही असाच प्रश्न होता. ब्रिटिशांनी रायसीना टेकडीवर उभारलेल्या नॉर्थ आणि साऊथ ब्लॉकमध्ये राष्ट्रीय संग्रहालय करण्याची घोषणा २०२३ साली झाली. कोरियाने संग्रहालय हलवून वास्तू पाडली. भारताने वास्तूच संग्रहालयासाठी निवडली. दोन्ही मार्गांत विचार आहे. कसोटी एकच: पुढच्या पिढीला तेथे सत्य कळते का?

आणि सत्य म्हटले की स्वकीयांचे दोषही आले. १९१० च्या विलीनीकरण करारावर कोरियाच्या वतीने तेथील पंतप्रधान यी वान-योंग याचीच स्वाक्षरी होती. परक्यांच्या क्रौर्याबरोबर घरच्या दौर्बल्याचीही नोंद ठेवणारा समाजच पुन्हा गाफील राहत नाही.

म्हणून विनंती आहे. दिल्लीला गेलात, तर १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्थापन झालेले आपले राष्ट्रीय संग्रहालय मुलांना दाखवा. घाई करू नका. कोणत्या वस्तूला मध्यभागी स्थान आहे, कोणती कोपऱ्यात आहे आणि कोणती मुळीच नाही, हे त्यांना शोधू द्या. परतताना मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देण्याची सिद्धता मात्र आपल्याला करावी लागेल. तोच या प्रवासाचा खरा लाभ.