वर्डप्रेसमधली एक फट

आपलं लेखन इंटरनेटवर मांडायचं म्हटलं की वर्डप्रेसचं नाव हमखास निघतं. 2003 साली आलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, जगभर वापरात आहे. म्हणूनच त्यातली एक चूक असंख्य संकेतस्थळांना भोवते.

डिसेंबर 2016 मध्ये आलेल्या 4.7 या आवृत्तीत नेमकं तेच झालं. समजा, एका लेखाचा क्रमांक आहे 123. तो बदलण्याचा अधिकार तुम्हाला आहे का, हे तपासायला सॉफ्टवेअर आधी तो लेख शोधायचं. हल्लेखोरानं क्रमांकाच्या शेवटी एखादं अक्षर चिकटवलं, की असा लेख सापडायचाच नाही. आणि लेखच नाही, तर अडवायचं कशाला? पुढच्या टप्प्यावर मात्र तेच अक्षर गाळून नुसता 123 धरला जायचा आणि लेख बदलायचा. ना पासवर्ड, ना परवानगी!

सुकुरी या कंपनीच्या संशोधकानं ही चूक शोधून कळवली. 26 जानेवारी 2017 रोजी 4.7.2 ही दुरुस्त आवृत्ती आली. लोकांना अपडेट करायला सवड मिळावी म्हणून या त्रुटीचा तपशील 1 फेब्रुवारीपर्यंत गुप्त ठेवला गेला. तरीही जे मागे राहिले, त्यांची लाखो पानं पुढच्या काही दिवसांत विद्रूप झाली.

तेव्हा वर्डप्रेस, त्याची थीम आणि प्लगइन वेळच्या वेळी अपडेट करा. वापरात नसलेली प्लगइन काढून टाका. मजकुराचा बॅकअप वेगळ्या जागी ठेवा. आणि अपडेटची सूचना दिसली, की ते काम उद्यावर ढकलू नका.