रक्तातली बुरशी



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई निमोनियाने आयसीयूत होत्या. जरा बरं वाटू लागलं आणि नवव्या दिवशी पुन्हा ताप चढला. डॉक्टर म्हणाले, रक्तात बुरशी सापडली आहे. आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. भाकरीवर येते ती बुरशी रक्तात कशी जाईल?

मग विचारून घेतलं. भाकरीवरची बुरशी वेगळी. हिचं नाव कॅन्डिडा. ती आपल्या तोंडात, आतड्यात, कातडीवर एरवीही असते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर धरतो, ते हिचंच काम. त्याला घाबरायचं कारण नाही. रक्तात ती शिरते माणूस फार आजारी असताना. मानेतल्या शिरेत बरेच दिवस नळी असते, पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं असतं. भारी अँटिबायोटिकने अंगातले चांगले जंतूही मरतात आणि हिला रान मोकळं मिळतं.

2011-12 मध्ये देशातल्या 27 आयसीयूंमध्ये नोंद ठेवली गेली. दाखल झालेल्या दर हजारांत सहा-सात जणांच्या रक्तात ती निघाली. त्यातले शंभरातले जवळजवळ 45 जण महिन्याभरात दगावले. हिचीच ऑरिस नावाची जात 2009 मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा ओळखली गेली. आता ती आपल्या देशातही आहे. नेहमीचं औषध तिला बहुधा लागू पडत नाही, आणि ती खाटेवर, टेबलावर, हातांवर टिकून राहते.

म्हणून आपलं माणूस आयसीयूत असेल तर एवढं करा. जवळ जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर हात स्वच्छ धुवा. खाटेवर बसू नका, नळीला हात लावू नका. डॉक्टरांना रोज विचारा, "ही नळी अजून लागते का?" ताप पुन्हा आला तर विचारा, "रक्ताचं कल्चर पाठवलं का?" आणि घरी साध्या सर्दीला मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.

सासूबाईंची नळी काढली, बुरशीवरचं औषध सुरू झालं. रक्त स्वच्छ आल्यावरही ते चौदा दिवस चाललं. आज त्या ओसरीवर बसून शेंगा फोडतात. आम्ही विचारायला कचरलो होतो. तुम्ही कचरू नका.