पूर ओसरल्यावर घर साफ करताना
(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत एका शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून चिखलाविषयी बोलावे, हे काहींना रुचणार नाही. परंतु बडोद्यात राहायचे आणि पुराचा विषय टाळायचा, हे जमण्यासारखे नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीने ३५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची खूण २५ फुटांची आहे. अकोटा, फतेगंज, कारेलीबाग या भागांत कित्येकांच्या दिवाणखान्यात नदी येऊन बसली. ज्या कमी दाबाच्या क्षेत्राने हा पाऊस आणला, तेच पुढे कच्छवरून अरबी समुद्रात उतरले आणि ३० ऑगस्टला त्याचे 'असना' नावाचे चक्रीवादळ झाले. ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात वादळ उठणे, ही १९७६ नंतरची पहिलीच गोष्ट होती.

पाणी चढत असते तोवर माणसे जिवाला जपतात. पाणी उतरले की भीतीही उतरते, घरोघर खराटे निघतात, आणि अपघात नेमके तेव्हा होतात.

घरात शिरण्यापूर्वी वीज. मेन स्विचपर्यंत कोरड्या पायांनी जाता येत असेल तरच तो बंद करावा. नसेल तर वीज कंपनीच्या माणसाची वाट पाहावी. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर आपले काम करीतच असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गॅसचा वास आल्यास दिव्याचे बटन दाबू नये. दारे उघडून बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि वाळताना ढासळतात, म्हणून पोट सुटलेल्या भिंतीखाली कोणी झाडू घेऊन उभे राहू नये.

कपाटामागे हात घालण्याआधी काठी घालावी. साप असतोच असे नाही, पण असू शकतो. आणि आपल्या गावात सापाच्या जागी मगरही निघते. त्या पुरात वस्त्यांतून वीसेक मगरी धरून नेल्या गेल्या. मगरीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. तिला दगड मारणारा दातांचा आणि कायद्याचा असे दोन्ही धोके एकदम पत्करतो. वनखात्याला बोलवावे, आणि तोवर मुलांना गॅलरीतून बघू द्यावे!

ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एका बादलीत कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसे जाळतो. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नये. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याचा ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर माणूस पूर विसरलेला असतो. डॉक्टरांना पुराची गोष्ट आपण होऊन सांगावी. विहीर किंवा टाकी प्रथम उपसून धुवावी आणि मग दर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर टाकून तासभर थांबावे.

विम्याचे थोडक्यात सांगतो. 'भारत गृह रक्षा' या नमुन्याच्या विम्यात पूर व वादळ धरलेले आहे. पण भिजलेले सामान फेकण्याआधी छायाचित्रे काढा, भिंतीवरील पाण्याची रेघही त्यात येऊ द्या आणि कंपनीला लगेच कळवा. बुडालेली मोटार चालू करून पाहू नका. इंजिनात पाणी असता किल्ली फिरवली तर ते फुटते, आणि ते नुकसान तुमच्या हाताने झाले म्हणून कंपनी हात झटकू शकते.

आता ज्यासाठी आम्ही उभे राहिलो, त्या गोष्टीकडे येतो. पुरानंतर सोसायटीचा खाळकुवा, म्हणजे मैल्याची टाकी, तुंबते. अध्यक्ष नाक्यावरून दोन माणसे आणतात, पाचशे रुपये ठरतात, आणि दोराही न बांधता एक जण आत उतरतो. त्या टाकीत प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि तो जास्त झाला म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. त्यामुळे धोका गेला असे वाटते. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही.

२०१३ च्या कायद्याने साधने व खबरदारीशिवाय अशा टाकीत कोणालाही उतरवण्यास मनाई आहे. ही मनाई नगरपालिकेपुरती नाही. कोणत्याही व्यक्तीला आहे, म्हणजे तुम्हालाही आणि सोसायटीच्या अध्यक्षांनाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ३० लाखांची भरपाई ठरवली. 'तो आपण होऊन उतरला' हे उत्तर चालत नाही. आम्हा शिक्षकांना हजेरीपटावर बापाचे नाव आणि त्याचा धंदा दिसतो. खाळकुव्यात उतरणारा माणूस बहुतेक वेळा आमच्याच एखाद्या मुलाचा बाप असतो. टाकी उपसणारी गाडी मागवायला दोन दिवस थांबावे लागले तर थांबावे.

हाच न्याय ट्रस्टच्या स्वयंसेवकांनाही लावला पाहिजे. आपण उत्साहाने पोरे पाठवतो, ते चांगलेच. पण एखाद्याच्या पायात खिळा गेला, किंवा एखाद्या घरातील पाटली हरवली, तर जबाबदार कोण? विश्वस्तांनी हे आधी ठरवावे. अठरा वर्षांखालील मुलांना चिखलात पाठवू नये. त्यांनी जेवण वाटावे, याद्या लिहाव्यात. जाणाऱ्याला बूट, हातमोजे आणि धनुर्वाताची लस असावी, आणि सर्वांचा मिळून अपघात विमा ट्रस्टने उतरवावा. दोघे जण मिळूनच जावे, आणि घरधनी किंवा त्यांचे माणूस हजर असल्याशिवाय कपाट उघडू नये. काय फेकायचे ते घरच्यांनीच सांगावे. आपल्याला जो कागदांचा लगदा दिसतो, तो त्यांच्या वडिलांचा पत्रव्यवहार असू शकतो. एखादे काम धोक्याचे वाटले तर 'हे आम्ही करणार नाही' असे म्हणण्याची स्वयंसेवकाला मुभा हवी, आणि त्याबद्दल त्याला कोणी भित्रा म्हणू नये.

एक वही ठेवावी: कोण, कोणत्या घरी, किती वाजता गेले, किती वाजता परतले. घरधनी गावाला असल्यास किल्ली घेतल्याची आणि परत दिल्याची सही त्याच वहीत घ्यावी. ती वही कार्यालयातील वरच्या फडताळात ठेवावी. खालच्या कप्प्यात मागच्या वेळी पाणी आले होते.